तारखेनं पाळलेले दिवस

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको. भाजीवाल्याच्या तराजूखाली हात फिरवून पाहिल्याशिवाय मी कधी वांगी घेतली नाहीत, आणि दूधवाला दारात असेपर्यंत त्याच्या हातावरची नजर काढली नाही. आमच्या एकोडीला सगळेच असे. गावच्या बोडीतलं, म्हणजे तळ्यातलं, पाणी कोणी आपल्या धानाच्या बांधीत चोरून वळवलं, याचा छडा लावता लावता माझ्या बापाची आणि काकाची अर्धी हयात गेली. तोच वाण माझ्यात उतरला. त्याची मला कधी लाज वाटली नाही. एकदाच वाटली, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

शहात्तर साली लग्न होऊन मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आले. हे कारखान्यात फिटर होते. माणूस नाकाडोंगरीकडचा, उंच, हडकुळा आणि शांत. इतका शांत, की सोयरीक ठरवायला आले तेव्हा माझ्या बापानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोट्टा मुका तर नाही ना. मुके नव्हते. पण माझी पहिली हाक ह्यांना कधी पोचायची नाही. दुसरीला, कधी तिसरीला ‘ओ’ यायची. मी शेजारणीला सांगायची, पहिली हाक ह्यांच्या हिशेबी कुत्र्याला मारलेली असते. ती हसायची, मीही हसायची. मनातून मात्र राग यायचा. नवी नवरी हाक मारते आणि माणूस ढिम्म, याचा अर्थ काय घ्यायचा?

स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर टांगलेलं होतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, बायकांच्या अडचणीचे दिवस, सगळं माझं त्याच्यावर. एक दिवस पानं उलटवताना दिसलं की काही तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीकसं टिंब आहे. माझं नाही. एप्रिलच्या दहावर एक, जूनच्या एकवर एक, ऑगस्टच्या सतरावर, सप्टेंबरच्या अठरावर, ऑक्टोबरच्या चारवर. पाच टिंबं. सण नाही, सुट्टी नाही, पगाराचा दिवस नाही. माझ्या डोक्यात जो किडा वळवळला तो मग कित्येक वर्षं थांबला नाही.

मी बोलले नाही, वाट पाहिली. त्या साली अठरा सप्टेंबर गणपतीत आला होता. कारखान्याच्या बसमधून हे उतरले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. ताट वाढलं तर म्हणाले, आज नको. सात वाजता समोरच्या खोलीत खुर्ची भिंतीकडे वळवून बसले आणि डोळे मिटले. मी दाराच्या फटीतून पाहते तर काय, डाव्या हाताची बोटं हवेत काहीतरी दाबताहेत आणि उजवा हात पोटावर खाजवल्यासारखा चाललाय. तोंडातून शब्द नाही. पंधरा-वीस मिनिटं असं चाललं. बाप्पा! मला वाटलं ह्यांच्यावर कोणी करणी केली. उठल्यावर विचारलं तर म्हणाले, काही नाही, आजच्या दिवशी एक जण मेला होता. कोण मेला? तू नाही ओळखत. एवढं बोलून चप्पल घालून फिरायला गेले.

पंधरा दिवसांनी चार ऑक्टोबरला पुन्हा तेच. तीच आंघोळ, तोच उपास, तीच भिंत. या खेपेस मी आधीच तयार होते. आज कोण मेलं, असं मी तिसऱ्यांदा ओरडून विचारलं तेव्हा म्हणाले, “एक बाई.”

“कोणती बाई?”

“गात होती.”

घ्या! मेलेली का होईना, बाई निघाली. आणि ती गात होती. त्या दिवशी मी भाकरी अशी थापली की शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून.

पुढच्या साली अठरा सप्टेंबर पितृपक्षात पडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा दिवस हलत नाही. आपल्याकडे माणूस गेला की त्याची तिथी धरतात. तिथी दरसाल मागेपुढे होते, कधी गणपतीच्या जवळ येते, कधी लांब जाते. ह्यांचं मेलेलं माणूस आपलं तारखेला चिकटून बसलेलं. माहेरी गेले तेव्हा आईला विचारलं. आई धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “तारखेनं कोणी पाळते का वो? तारखेनं त मिशनवाले पाळतेत. त्यायचा नाताळाचा मोठा दिवस पाय, कधी हालते का?”

आईनं सहज म्हटलेलं ते वाक्य मी गाठीला बांधून आणलं. तारखेनं पाळतात ते ख्रिस्ती. म्हणजे जिच्यासाठी हा माणूस उपाशी राहतो ती ख्रिस्ती. आणि आमच्या वसाहतीत मला ठाऊक असलेली ख्रिस्ती बाई एकच होती, दवाखान्यातली सिस्टर. केरळकडची, पंचविशीची, काळीसावळी, दाट केसांची. इंजेक्शन असं द्यायची की पोरं रडायची विसरायची. आणि रविवारी त्यांच्या प्रार्थनेत ती गायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

आता कोणी म्हणेल, अगं बाई, ते तर मेलेल्या बाईचं बोलत होते. मी काय दुधखुळी आहे? मेली म्हणून सांगितलं की बायको शोधायला जात नाही, एवढं मला कळत होतं. शिवाय सगळेच दिवस सुतकी नव्हते. ऑगस्टच्या सतराला ह्यांना खीर लागायची. जूनच्या एकलाही गोड. मी विचारायची, आज काय, आज कोणी जन्मलं का? तर हसून म्हणायचे, तसंच समज. माझ्या हातची खीर खायची आणि सण भलत्याचाच साजरा करायचा! मी खीर करायची, पण त्या दिवशी तिच्यात वेलदोडा घालायची नाही. तेवढाच माझा सूड.

जानेवारीत एक निळं पातळ पत्र यायचं, परदेशचं तिकीट लावलेलं. ते आलं की दुसऱ्या दिवशी नव्या कॅलेंडरवर टिंबं पडायची. एकदा मी ते ह्यांच्या खिशातून काढून पाहिलं. इंग्रजी अक्षरं जोडून वाचण्याइतकं माझं शिक्षण नव्हतं, पण आकडे कोणालाही कळतात. चार महिना दहा तारीख, सहा महिना एक, आठ महिना सतरा, खाली असेच आणखी दोन. खाली सही म्हणून नुसतं एक अक्षर. मी चुलीपुढे बसून विचार केला. सिस्टरची थोरली बहीण परदेशात नर्स होती, हे मला शेजारणीनं सांगितलेलं. म्हणजे ही इथून बहिणीला लिहिणार, बहीण तिथून ह्यांना लिहिणार, म्हणजे वसाहतीच्या पोस्टमनला पत्ता लागायला नको. किती गं हुशारी! आज लिहिताना मला माझ्याच डोक्याची कमाल वाटते. पण तेव्हा ते सगळं बांधीच्या कडेच्या धुऱ्यासारखं सरळ दिसत होतं.

तोवर आम्हाला मुलगी झाली होती. मी पलंगाखालची ट्रंक ओढून काढली, तिच्यात माझ्या चार साड्या आणि पोरीची झबली घडी करून ठेवली आणि ट्रंक परत आत सरकवली. मनाशी ठरवलं की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जायचं नाही, आणि पाहिल्यावर एक दिवस राहायचं नाही. भांडण नको होतं मला. हा माणूस माझा आहे की नाही, एवढंच कळायला पाहिजे होतं. नसला तर एकोडीला बापाच्या बांधीत चिखलात धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करून मी पोरीला वाढवली असती. ती भरलेली ट्रंक दोन वर्षं तशीच राहिली. झबली पोरीला होईनाशी झाली की मी मोठी ठेवायची.

ऐंशीच्या डिसेंबरात एका सकाळी हे रेडिओला चिकटून बसलेले दिसले. चिकटून म्हणजे अक्षरशः, गाल त्या पेटीला लावलेला. परदेशचं स्टेशन, खरखर आणि इंग्रजी बातम्या. आवाज एवढा मोठा की शेजारणीनं भिंत ठोकली. मला पाहून म्हणाले, “काय म्हणते तो? कोणाले मारलं म्हणते?” मी म्हटलं, मला इंग्रजी येते का? तुम्हीच शिकलेले. त्यावर ह्यांनी रेडिओ उचलून माझ्या कानाशी धरला आणि नाव आलं का सांग, नाव आलं का सांग, असं म्हणत राहिले. मी पदर झटकून आत गेले. मला वाटलं, बायको इंग्रजी शिकलेली नाही म्हणून टोचून बोलताहेत. संध्याकाळी कामावरून आले तेव्हा बस मधूनच सोडून चालत आले होते, आणि डोळे लाल. म्हणाले, एका गाणाऱ्याला त्याच्या घराच्या दारात गोळी घातली. मी म्हटलं, आपल्या भंडाऱ्यात? नाही, लांब. लांबच्या गाणाऱ्यासाठी लाल डोळे करणारा नवरा मी तरी कुठं पाहिला नव्हता, आणि माझा विश्वास बसला नाही. एक्याऐंशीच्या कॅलेंडरवर डिसेंबरच्या नऊवर सहावं टिंब पडलं.

त्या फेब्रुवारीपासून हे दर बुधवारी उशिरा यायला लागले. बस वेळेवर यायची, हे नाहीत. विचारलं की, काम होतं. बुधवारीच काम? हो, बुधवारीच. तीन बुधवार मी गिळले. चौथ्याला पोरीला शेजारणीकडे ठेवून निघाले. पाय आपोआप दवाखान्याकडे वळले, मला विचार करावा लागला नाही.

दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात एक खिडकी होती, खालच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या. वरच्या काचेतून पाहायला मला कुंडीच्या काठावर उभं राहावं लागलं. आत हे स्टुलावर बसले होते, खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून. सिस्टर ह्यांच्या मागे उभी. ती वाकली आणि ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजली. हे गालात हसले आणि ओठ हलवले. ती दुसऱ्या बाजूला गेली, त्या कानाशी वाकली, पुन्हा कुजबुजली. हे या वेळी हसले नाहीत. तिनं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी कुंडीवरून कशी उतरले मला आठवत नाही. पायाला खरचटलं ते घरी आल्यावर दिसलं. रडले नाही. ट्रंक बाहेर काढली, पुन्हा आत ढकलली. होळी तोंडावर होती. होळीत घर सोडून जाणं बरं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं हे, की जायचा धीर होत नव्हता. मला हा माणूस आवडत होता, हेच दुखणं होतं सगळं.

होळीनंतरचा रविवार, मार्चची बावीस. हे सायकलच्या कॅरियरवर गव्हाचा डबा बांधून चक्कीवर निघाले आणि मी सोबत गेले. चक्कीवर ही गर्दी. पट्टा फटफट करत होता, सगळ्या बायका भुरक्या झालेल्या आणि एकमेकींशी ओरडून बोलत होत्या, कारण ओरडल्याशिवाय तिथं काही ऐकूच यायचं नाही. हे बाहेर पाठमोरे, सायकलचा दोर सोडत बसलेले. शेजारणीनं मला विचारलं, तुझं तोंड का उतरलंय. तिनं ओरडून विचारलं, मीही ओरडूनच सांगायला लागले. महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. जिभेला हाड नव्हतंच.

“त्या दवाखान्यातल्या सिस्टरनं माह्या नवऱ्याले नादी लावलं. कानात तोंड घालते त्याच्या. म्या सोता पाह्यलं.”

हे वाक्य अर्ध्यात असतानाच लाईट गेली. चक्की बंद पडली. पट्टा थांबला आणि उरलेलं अर्धं वाक्य, ते ‘कानात तोंड घालते’पासूनचं, त्या शांततेत माझ्या सगळ्यात मोठ्या आवाजात बाजारभर गेलं. वीसेक बायका माझ्याकडे पाहत राहिल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान वळवली नाही. दोराची गाठ सोडत होते ती सोडत राहिले. ऐकलं नाही, मी मनाशी म्हटलं. पहिली हाक ह्यांना कधी पोचली आहे, म्हणून हे पोचेल? लाईट आली, चक्की सुरू झाली, आमचा नंबर लागला. गरम पीठ घेऊन आम्ही घरी आलो. वाटेत हे एक शब्द बोलले नाहीत, पण ते रोजच बोलत नसत.

वसाहतीत बातमीला सायकल लागत नाही. दोन दिवसांत बायका आपली पोरं त्या सिस्टरकडे इंजेक्शनला न्यायच्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी तिला मोठ्या डॉक्टरांनी बोलावून विचारलं. तिचं लग्न जुळत आलं होतं म्हणे, तिकडे केरळात. मला शेजारणीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं. असंच म्हटलं मी. ते लपवत नाही.

मग बुधवार आला. त्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं नाही, शेजारणीनं पाहिलं. ती पोराच्या खोकल्याचं औषध घ्यायला रांगेत होती. दवाखान्याचा व्हरांडा भरलेला. सिस्टर खाली मान घालून कागद लिहीत होती आणि कोणी तिच्याजवळ जात नव्हतं. हे आले, व्हरांड्याच्या मधोमध उभे राहिले आणि बोलले. शेजारीण म्हणाली, किती मोठ्यानं बोलले गं, जशी आपण सगळी बहिरी आहोत.

“मले आयकू येत नाही. डावा कान गेला, उजवाही गेल्यातच जमा हाय. ह्या बाई मागून आकडे बोलून पायत होत्या, किती उरलं ते. कोणाले सांगू नोका म्हणून म्याच हात जोडले होते. तपासाचं असन त मले तपासा.”

शेजारीण सांगत होती आणि माझ्या हातातलं पोरीचं ताट कलंडलं. वरणभात खाली सांडला. पहिली हाक, दुसरी हाक. मोठ्यानं लावलेला रेडिओ. नाव आलं का सांग. माझ्या संशयाला पाच वर्षं हे सगळं समोर दिसत होतं, आणि त्यानं एकदाही नीट पाहिलं नाही.

हे घरी आले ते वेळेवर. बसल्या बसल्या सगळं सांगितलं, एवढं बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी गावच्या तलावात डुंबून कान फुटायचे, वाहायचे. कडुनिंबाचं तेल घालून वेळ मारून न्यायचे. पुढे कान वाहायचे थांबले आणि ऐकू येणं हळूहळू जायला लागलं. कारखान्यात भोंगा ऐकू आलाच पाहिजे. आणि नेमकं चार्जमनच्या बढतीच्या जागेसाठी नाव लागलेलं, डॉक्टरी तपासणी राहिलेली. म्हणून कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही, म्हणाले, तू रागावली की मोठ्यानं बोलते आणि भिंती पातळ आहेत. शेवटी म्हणाले, “कोणीतरी चक्कीवर बोललं म्हणते. त्या बिचारीचं नाव जात होतं. मंग काय करू?”

कोणीतरी. मी तो शब्द घट्ट धरला. म्हणजे ह्यांना माहीत नाही. मी पदरानं डोळे पुसत होते आणि आतून एक चोरटी बाई म्हणत होती, वाचलीस.

टिंबांचंही मग सांगितलं. जबलपूरला ट्रेनिंगला असताना खोलीत एक अँग्लो-इंडियन मित्र होता, रेल्वेवाल्यांच्या घरातला. त्याच्याकडे तबकड्या आणि फोनो, आणि एक गिटार. त्यानं ह्यांना ते गोऱ्यांचं धडाडधुम गाणं ऐकायची चटक लावली, चार सूर वाजवायलाही शिकवले. मित्र घरच्यांसोबत ऑस्ट्रेलियाला गेला, जाताना दोघांनी काही तारखा ठरवल्या; जानेवारीचं निळं पत्र त्याचंच. अठरा सप्टेंबरला एक गिटारवाला गेला, चार ऑक्टोबरला ती गाणारी बाई, दोघंही सत्तावीस वर्षांची. गाणाऱ्या चौघा पोरांचं एक टोळकं फुटल्याची बातमी आली तो एप्रिल, आणि त्यांच्यातल्याच एकाला दारात गोळी घातली तो डिसेंबर. त्यांचीच एक नामी तबकडी बाजारात आली तो जून. आणि ऑगस्टात पावसात, चिखलात, एका शेतावर तीन-चार दिवस लाखो पोरंपोरी नुसती गाणी ऐकत उभी राहिली, तो खिरीचा दिवस. मी विचारलं, एवढ्या लोकांनी चिखल तुडवला आणि रोवणा केलाच नाही? तेव्हा हे हसले, त्या सगळ्या दिवसांतून तेवढं एकदाच.

त्या त्या दिवशी सात वाजता दोघांनी आपापल्या ठिकाणी तेच गाणं ऐकायचं, असा बेत होता. ह्यांच्याकडे तबकडी नव्हती. म्हणून डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवायचं, बोटांनी धरत धरत. पुढे कान जायला लागले तेव्हा ते वाढलंच. बाहेरचं ऐकू येत नाही तर आतलं तरी शाबूत राहावं, म्हणाले. दरसाल बसून पाहायचं, कुठं कडवं गळालं का.

तपासणी झाली. कारखान्यानं नियमात होतं ते केलं, वाईट कोणी वागलं नाही. चार्जमनची जागा दुसऱ्याला गेली आणि ह्यांना बागेत टाकलं, वसाहतीच्या. गुलाबाला भोंगा ऐकू आला काय, नाही काय. हे बागेत रमले, निदान तसं दाखवलं.

मी सिस्टरकडे गेले. आमच्या घरचा नवा तांदूळ आणि जवसाची चटणी घेऊन गेले, कारण रिकाम्या हातानं कशी जाऊ ते कळेना. मी बोलायच्या आधीच ती म्हणाली, मला माहीत आहे, तुम्हीच होतात. तांदूळ तिनं ठेवून घेतला. मग दारापर्यंत आली आणि म्हणाली, “मैंने उनको आपका नाम नहीं बताया. वो आप बताइए.”

सांगेन म्हटलं. दर आठवड्याला सांगेन म्हणायची. पण ह्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि भिंती पातळ होत्या. हे आपलं निमित्त. खरं म्हणजे भीती वाटायची, की आता ट्रंक ह्यांनी भरली तर? आणि त्यासोबत नवाच संशय लागला, आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट. ह्यांना माहीत तर नसेल? हे ताटावरून वर पाहायचे तर मला वाटायचं, आता विचारतील. हे गप्प राहायचे तर वाटायचं, माहीत आहे म्हणूनच गप्प आहेत. शेजारीण ह्यांच्याशी हातवारे करून बोलताना दिसली की मी मधे जाऊन उभी राहायची. एक वर्ष मी असं काढलं. ट्रंक केव्हाच रिकामी केली होती, तरी झोप नव्हती.

ब्याऐंशीचं कॅलेंडर आलं, निळं पत्र आलं, टिंबं पडली. मी पानं उलटवून मोजली. आता प्रत्येकाचं नाव-गाव मला ठाऊक होतं. एप्रिल, जून, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर. सहा. मग मी मार्चचं पान पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिले. बावीसच्या कोपऱ्यात सातवं टिंब होतं.

दोन महिने मी त्या टिंबाकडे रोज पाहिलं. तिकडचा कोणी मेला असेल, असं स्वतःला समजावलं. पत्रातले आकडे पुन्हा चोरून पाहिले. पत्रात तीन महिना बावीस तारीख नव्हती.

बावीस तारखेला हे बागेतून आले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. सात वाजता खुर्ची भिंतीकडे वळवली. मी जाऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले, कॅलेंडर खिळ्यावरून काढून हातात घेतलं आणि त्या टिंबावर बोट ठेवलं. आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलवले. हे कोणाचं?

ह्यांनी कॅलेंडर माझ्या हातातून घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

“चक्की बंद पडली होती नं,” हे म्हणाले. “तुहा एक एक शब्द आयकू आला मले. इतकं साफ त्याच्या आधी दोन-तीन साल काही आयकू आलं नोतं, आन् त्याच्यानंतर त काहीच नाही. म्हणून लिवून ठेवलं.”

मला रडू आलं आणि ते मी दाबलं नाही. कसंबसं विचारलं, मग काहून नाही बोलले? वर्षभर काहून नाही बोलले? माझे ओठ त्यांना रडण्यातही वाचता आले.

“तू सांगशील म्हणून वाट पायत होतो,” हे म्हणाले.

मग खुर्चीवर नीट सरकून बसले आणि डोळे मिटले. बोटं हलली नाहीत, कारण त्या दिवसाला गाणं नव्हतं. मी शेजारी जमिनीवर बसले, उठेपर्यंत बसले.

तेव्हापासून दरसाल नवं कॅलेंडर आलं की पेन्सिल आधी मी घेते. मार्चचं पान काढते आणि बावीसवरचं टिंब मी लावते. बाकीची सहा हे लावतात.